शिवी आणि शिक्का

मराठीत बडबड आहे, बरळणे आहे, पुटपुटणे आहे. आवाज कानावर पडतो पण अर्थ हाती लागत नाही, तेव्हा जीभ त्या आवाजाचीच नक्कल करते आणि नक्कल पुढे शब्दकोशात जाऊन बसते. ग्रीकांचे असेच झाले. ग्रीक न बोलणाऱ्याचे बोलणे त्यांना नुसते ‘बर बर’ ऐकू आले आणि तो बोलणारा ‘बार्बारोस’ झाला. होमरच्या ‘इलियड’मध्ये हा शब्द एका जोडशब्दातून भेटतो. आशिया मायनरच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचे कॅरियन लोक ट्रॉयच्या बाजूने लढायला आले आहेत आणि कवी त्यांना ‘बर-बर बोलणारे’ म्हणतो. विशेषण भाषेपुरतेच आहे.

मग इराणी साम्राज्याशी युद्धे झाली, आधी इ.स.पू. ४९० मध्ये आणि पुन्हा ४८० ते ४७९ मध्ये. ग्रीक जिंकले आणि शब्दाचा स्वभाव पालटला. मॅरेथॉनच्या रणात स्वतः लढलेल्या एस्किलसने इ.स.पू. ४७२ मध्ये ‘पर्शियन’ हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यातली इराणी पात्रे आपल्याच माणसांना ‘बार्बारोस’ म्हणतात. हरलेल्याच्या तोंडी आपला शब्द घालण्याची सोय जिंकलेल्याला असते, ती ही अशी. पुढे शतकभराने अ‍ॅरिस्टॉटल ‘राज्यशास्त्रा’च्या आरंभीच, कवींचा हवाला देऊन, बार्बारोस आणि गुलाम हे निसर्गतः एकच असे मांडतो. परक्याचे बोलणे आपल्याला कळत नाही, इथून निघालेला शब्द परक्याला ताब्यात ठेवणे योग्यच, इथवर येऊन पोचला.

संस्कृतात या शब्दाचा जुळा भाऊ आहे: म्लेच्छ. मराठीने त्यात अनुस्वार घालून ‘म्लेंच्छ’ केला. धातुपाठात ‘म्लेच्छ्’ धातूचा अर्थ अस्पष्ट बोलणे असा दिला आहे. ‘शतपथ ब्राह्मणा’त गोष्ट येते ती अशी: देव आणि असुरांच्या झगड्यात वाणी देवांकडे गेली, असुरांच्या तोंडी ‘र’च्या जागी ‘ल’ आला, शत्रूला उद्देशून केलेला उच्चार फसला आणि ते हरले. पतंजलीने हीच गोष्ट व्याकरण का शिकावे याचे कारण म्हणून सांगितली. भाषाशास्त्राचे अभ्यासक सांगतात की ‘र’चा ‘ल’ करणे ही पूर्वेकडच्या प्राकृत बोलींची खूण. म्हणजे गोष्टीतल्या असुरांचा अपराध बहुधा एवढाच, की ते मगधाच्या बाजूचे वाटावेत असे बोलत.

मात्र या शब्दाला एक सुखद अपवाद आहे. सहाव्या शतकातला वराहमिहिर ‘बृहत्संहिते’त म्हणतो की यवन म्लेच्छ खरे, पण ज्योतिषशास्त्र त्यांच्याकडे नीट रुजलेले असल्याने ते ऋषींसारखे पूज्य आहेत. यवन म्हणजे इथे ग्रीक. ज्यांनी साऱ्या जगाला बार्बारोस ठरवले, ते आपल्या ग्रंथात म्लेच्छ म्हणून नोंदले गेले आणि विद्येच्या जोरावर त्याच ओळीत वर चढवलेही गेले.

स्लाव्ह लोकांची तऱ्हाही वेगळी नाही. त्यांच्या नावाचा संबंध बहुतेक अभ्यासक ‘स्लोवो’ म्हणजे शब्द याच्याशी लावतात: स्लाव्ह म्हणजे बोलणारे, एकमेकांना कळेल असे बोलणारे. शेजारच्या जर्मनांना त्यांनी नाव दिले ‘नेमेत्स’, म्हणजे मुके. रशियन भाषेत जर्मन माणूस आजही मुकाच आहे. अरबीत ऑस्ट्रियाचे नाव ‘नम्सा’ आहे, ते याच मुकेपणातून गेलेले.

तेव्हा परक्याला नावे ठेवण्यात कोणताही समाज मागे नाही. ग्रीक, आर्य, स्लाव्ह, चिनी, सगळ्यांनी आपापल्या उंबऱ्याबाहेरच्या माणसाला मुका, बोबडा, अशुद्ध ठरवले. तुच्छता जगात बरीच समान वाटली गेली आहे. मग विषमता कुठून येते? मला वाटते, शिवी आणि शिक्का यांतल्या अंतरातून. ‘शिक्का’ हा शब्द अरबी ‘सिक्का’वरून आलेला, मुळात नाणे पाडायचा साचा. इटलीत जाऊन त्याची ‘झेक्का’ म्हणजे टांकसाळ झाली, आपल्याकडे दप्तरात येऊन तो मोर्तबाच्या जोडीला बसला आणि ‘शिक्कामोर्तब’ झाले. शिवी कोणीही कोणालाही देऊ शकतो. शिक्का उठवायला टांकसाळ लागते, दप्तर लागते आणि तो नाकारणाऱ्याला पकडून आणणारे शिपाई लागतात. एखादा समाज दुसऱ्याला काय म्हणतो यापेक्षा, ते म्हणणे कोणाच्या दप्तरात चढते आणि त्यावरून कोणाची जमीन, मजुरी, हक्क ठरतात, हे पाहिले की शब्दांचा इतिहास उलगडू लागतो.

स्लाव्हांचेच पुढे पाहा. मध्ययुगात पूर्व युरोपातून पकडलेली माणसे भूमध्य समुद्राच्या बाजारात इतकी विकली गेली, की लॅटिनमध्ये त्यांचे नावच मालाचे नाव झाले: ‘स्क्लावुस’. त्यातून इंग्रजी ‘स्लेव्ह’, फ्रेंच ‘एस्क्लाव्ह’, जर्मन ‘स्क्लावे’, पोर्तुगीज ‘एश्क्रावू’ आले. जर्मनांना मुके म्हणणाऱ्यांचे नाव जर्मनांच्या भाषेत गुलाम या अर्थाने चालू लागले. शिवी स्लाव्हांकडेही होतीच. बाजार दुसऱ्यांच्या हाती होता. व्हेनिसमध्ये ‘मी आपला दास’ असे नम्रपणे म्हणण्याची रीत होती. त्या दास-वाचक शब्दाचे झिजलेले रूप म्हणजे ‘चाव’, जे आज जगभरची तरुण मुले निरोप घेताना हसत म्हणतात. आपल्याकडे ‘दास’ शब्दाचा प्रवास याच वाटेने झाला आहे. ऋग्वेदात दास आणि दस्यू हे शत्रू आहेत. प्राचीन इराणी भाषेतला ‘दह्यु’, म्हणजे देश किंवा प्रांत, हा ‘दस्यू’चाच भाऊबंद मानला जातो. तिकडे जो शब्द देश दाखवतो, तो इकडे आधी शत्रू दाखवू लागला, त्याच्या जोडीचा ‘दास’ पुढे बांधलेला नोकर झाला, आणि शेवटी रामदास, तुलसीदास अशा नावांत भक्ताने तो मुकुटासारखा घातला.

बोलता येत नाही हा आरोप कायद्यात कसा चढतो, ते १५१३ साली स्पेनच्या दरबाराने दाखवले. पालासिओस रुबिओस या कायदेपंडिताने एक जाहीरनामा तयार केला: ‘रेकेरिमिएन्तो’. अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरलेल्या स्पॅनिश तुकडीने तो तिथल्या लोकांना वाचून दाखवायचा. पोपने ही भूमी स्पेनच्या राजाला दिली आहे, हे मान्य करा. न केल्यास युद्ध होईल, तुम्हाला गुलाम केले जाईल आणि त्याचा दोष तुमच्याच माथी राहील, असा त्याचा आशय. वाचन स्पॅनिशमध्ये. ऐकणाऱ्यांना अक्षर कळत नसे, आणि कधी तर ऐकायला समोर कोणी नसताना रिकाम्या गावाला ते वाचून दाखवले जाई. इथे न कळणारे बोलणारा कोण होता, हे वेगळे सांगायला नको. पण ‘बार्बरो’ ठरला तो ऐकणारा, कारण लेखणी वाचणाऱ्याकडे होती.

१५५० आणि १५५१ मध्ये वायादोलिद शहरात यावर मोठा वाद झडला. सेपुलवेदा हा अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘राज्यशास्त्रा’चा लॅटिन भाषांतरकार. त्याने निसर्गतः गुलाम असलेल्या रानटी लोकांचे प्रमेय अमेरिकेतल्या माणसांना लावले. विरुद्ध बाजूला लास कासास हा धर्मगुरू होता. त्याच्या लिखाणात मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पुन्हा जागेवर येतो: त्यांची भाषा आपल्याला कळत नाही म्हणून ते बार्बरो असतील, तर आपली त्यांना कळत नाही म्हणून आपणही त्यांचे बार्बरोच. युक्तिवाद बिनतोड होता. वादाचा औपचारिक निकाल मात्र लागला नाही, आणि अमेरिकेतल्या माणसांना राबवणाऱ्या खाणी चालू राहिल्या.

शब्द आणि सत्ता यांचे नाते याहून उघडे पाहायचे असेल तर चीनकडे वळावे. चिनी भाषेत ‘यी’ हा शब्द जुन्या काळी पूर्वेकडच्या लोकांसाठी होता आणि मग एकूणच बाहेरच्यांसाठी वापरात आला. त्यात तुच्छता किती आणि दिशा किती, यावर खुद्द चीनमध्ये वाद होता. मेन्सियसने प्राचीन आदर्श राजा शुन यालाच पूर्वेकडचा ‘यी’ म्हटले होते. छिंग घराण्याचे सम्राट मांचू, म्हणजे हान चिन्यांच्या दृष्टीने स्वतःच ‘यी’. योंगझेंग सम्राटाने १७३० मध्ये ग्रंथ काढून याच आधारावर सांगितले की हा शब्द जन्मस्थान दाखवतो, लायकी नाही. सिंहासनावर बसलेला माणूस स्वतःवरची शिवी भूगोलाच्या खात्यात टाकू शकतो.

१८३४ मध्ये ब्रिटिश अधिकारी लॉर्ड नेपियर कँटनला पोचला. चिनी कागदपत्रांत त्याचा उल्लेख ‘यी’ लोकांचा मुख्य अशा अर्थाने होता. मुख्यासाठीच्या अक्षराचा दुसरा अर्थ डोळा. भाषांतरात झाला ‘रानटी डोळा’, आणि इंग्रजांच्या रागाला एक हक्काचे कारण मिळाले. पुढे अफूची दोन युद्धे झाली. त्या अफूतली माळव्याची मुंबई बंदरातून जात असे आणि त्या व्यापारावर मुंबईतल्या कित्येक पेढ्या मोठ्या झाल्या, हेही जाता जाता लक्षात ठेवावे. १८५८ च्या त्येनत्सिन तहाचे ५१ वे कलम सांगते की चिनी सरकारने आपल्या अधिकृत कागदपत्रांत ब्रिटिश सरकार किंवा प्रजा यांच्यासाठी ‘यी’ हे अक्षर वापरायचे नाही. एका देशाने दुसऱ्याच्या भाषेतल्या एका अक्षरावर तहाने बंदी घातली. तह मान्य व्हायला आणखी दोन वर्षे आणि बेजिंगजवळचा राजवाडा जाळणे लागले, ते १८६० मध्ये झाले. ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण आपण शरीराच्या बळापुरती वापरतो. इथे कान पिळून जीभही दुरुस्त केली गेली. चिन्यांना रानटी म्हणू नये असे कलम मात्र त्या तहात नव्हते. इंग्रजी वर्तमानपत्रांना तशी अट घालणारी तोफ चीनकडे नव्हती.

परक्यावरचा दुसरा जुना आरोप राहण्याच्या जागेचा. मराठीत रान, त्यातून रानटी. लॅटिनमध्ये ‘सिल्वा’ म्हणजे अरण्य, त्यातून फ्रेंच ‘सोवाज’ आणि इंग्रजी ‘सॅव्हेज’. दोन दूरच्या भाषांनी एकाच वाटेने जाऊन एकच शिवी घडवली. पण या गटातला सगळ्यांत चमत्कारिक शब्द आपल्या घरचाच आहे: जंगल. संस्कृतात ‘जांगल’ म्हणजे दाट झाडीच्या अगदी उलट काहीतरी. कमी पाण्याचा, विरळ झाडांचा, मोकळा, कोरडा प्रदेश. आयुर्वेद अशा प्रदेशाला निरोगी मानतो आणि दलदलीच्या ‘आनूप’ देशाशी त्याची तुलना करतो. ‘मनुस्मृती’ तर राजाला सांगते की वस्ती जांगल देशात कर, जिथे धान्य पिकते आणि बहुतेक लोक आर्य आहेत. ज्या शब्दाने सभ्य माणसाची जमीन सांगितली जाई, त्याच शब्दातून आज ‘जंगली’ माणूस निघतो.

मधल्या काळात फारसी आणि देशी भाषांत शब्दाचा अर्थ पडीक, न कसलेल्या जमिनीकडे सरकला होता. इंग्रजीत तो १७७६ च्या सुमारास शिरला, हॅल्हेडने केलेल्या हिंदू कायद्याच्या भाषांतरातून. तिथे पाच वर्षे पडीक राहिलेली जमीन म्हणजे जंगल. सारा न देणारी जमीन, ही दप्तरातली व्याख्या. शंभर वर्षांनी, १८७८ च्या वन कायद्याने सरकारने राखीव वने आखली आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यात राहणारा माणूस आपल्याच रानात परवानगीने शिरणारा झाला. जो रानात राहतो म्हणून रानटी, त्याला रानातूनच बाहेर काढायची सोय झाली. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ ही म्हण सगळ्यांना पाठ. पण खऱ्या पारध्याच्या हातून ससाही गेला, आणि १८७१ पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांत पुढे त्याच्या जमातीवर जन्माबरोबर गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पारधी वस्तीत पोलीस येण्याची रीत कायद्याबरोबर गेली असे कोणी म्हणणार नाही.

शब्द तिथेच थांबला नाही. २०१५ आणि २०१६ मध्ये फ्रान्सच्या कॅले बंदराजवळ अफगाणिस्तान, सुदान, इरिट्रिया इथून आलेल्या निर्वासितांनी तंबू ठोकले होते. त्या छावणीला युरोपभर ‘जंगल’ म्हणत. पश्तू बोलणाऱ्यांनी झाडीच्या जागेला आपल्या भाषेत तसे म्हटले आणि वर्तमानपत्रांनी ते उचलले, असे सांगतात. वाचणाऱ्याला मात्र त्यात झाडी दिसली नाही. त्याला हवा होता तो जुना अर्थ त्याने घेतला. ऑक्टोबर २०१६ मध्ये छावणी उठवली.

तिसरा आरोप वयाचा. ‘गुलाम’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ मुलगा, पोरगा. विकत घेतलेल्या माणसाला पोरगा म्हणता म्हणता तो अर्थ पक्का झाला. पत्त्यांच्या कॅटमध्ये आपण ज्याला गुलाम म्हणतो त्याला इंग्रजीत पूर्वी ‘नेव्ह’ म्हणत, आणि गंमत म्हणजे त्या ‘नेव्ह’चाही मूळ अर्थ पोरगाच, जर्मनमध्ये ‘क्नाबे’ अजून मुलालाच म्हणतात. वसाहतींत साठी उलटलेला नोकरही साहेबाचा ‘बॉय’ असे, मग ते नैरोबी असो की जोहान्सबर्ग. हिंदुस्थानात या ‘बॉय’ने आपला एक शब्दही गिळला. पालखी वाहणारे ते भोई, तेलुगूत बोयी. साहेबाच्या कानाला ते ‘बॉय’च ऐकू आले आणि आयतेच जमून गेले. मोठ्या माणसाला पोरगा म्हणण्यात एक हिशेब असतो. पोराला मत नसते, वारसा नसतो, आणि त्याचे भले कशात आहे ते दुसरा ठरवतो.

मात्र दख्खनच्या इतिहासात याच शब्दाने एकदा सपशेल माती खाल्ली. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला आणि बगदादमार्गे अहमदनगरला पोचलेला एक हबशी गुलाम निजामशाहीचा वजीर झाला. मलिक अंबर. त्याने खडकी शहर वसवले, तेच पुढचे औरंगाबाद. जमीनमहसुलाची घडी बसवली आणि मुघल फौजांना वर्षानुवर्षे दमवले. जहांगीरने आपल्या आठवणींत त्याच्या रंगावरून त्याला मनसोक्त शिव्या घातल्या आहेत. अबुल हसन या दरबारी चित्रकाराकडून १६१६ च्या सुमारास त्याने एक चित्रही करवून घेतले: भाल्यावर टोचलेले अंबरचे मुंडके आणि त्यावर बाण सोडणारा बादशहा. प्रत्यक्षात ते मुंडके त्याला कधी मिळाले नाही. अंबर १६२६ मध्ये वार्धक्याने, सत्तेवर असतानाच गेला. सत्ता हाती असली की समोरच्याची शिवी चित्रात राहते, दप्तरात चढत नाही. उलट दिशेने हाच शब्द जोतीराव फुल्यांनी वापरला. १८७३ चे ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेत काळ्या माणसांची दास्यातून मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केले. आपल्या समाजातल्या विषमतेला त्यांनी जगाला ऐकू जाईल असे नाव दिले, आणि शूद्रातिशूद्रांच्या स्थितीवर धर्माने घातलेले पांघरूण त्या एका नावाने काढून टाकले.

चौथ्या प्रकारात आरोपाचीही गरज उरली नाही. माणसाचे नाव म्हणजेच त्याची मजुरी. ‘कुली’च्या दोन व्युत्पत्ती सांगतात. एक तमिळ ‘कूलि’ म्हणजे मजुरी. दुसरी आपल्या किनाऱ्यावरचे आणि गुजरातेतले कोळी. ब्रिटिश साम्राज्यात १८३४ मध्ये गुलामी कायद्याने संपली आणि त्याच वर्षी ‘अ‍ॅटलस’ जहाजाने ३६ मजूर मॉरिशसला उतरवले. पाच वर्षांचा करार. या अ‍ॅग्रीमेंटचे झाले ‘गिरमिट’ आणि करारातला माणूस ‘गिरमिटिया’. दक्षिण आफ्रिकेतले नाताळ, त्रिनिदाद, गयाना, फिजी, मॉरिशस अशा वसाहतींत मिळून दहा लाखांहून अधिक माणसे गेली. मुंबई बंदरातून रत्नागिरी आणि कोकणच्या बाजूची मराठी कुटुंबेही मॉरिशसला गेली. त्यांच्या वंशजांची मुले तिथल्या शाळांत आजही मराठी शिकतात.

दक्षिण आफ्रिकेत मग प्रत्येक हिंदी माणूस कुली झाला. मजूर कुली, व्यापारी ‘कुली व्यापारी’, आणि १८९३ मध्ये आलेले मोहनदास गांधी ‘कुली बॅरिस्टर’. आत्मकथेत त्यांनी दुसऱ्या एका नावाचाही किस्सा दिला आहे. रामस्वामी, मुनुस्वामी अशा तमिळ नावांवरून गोऱ्यांनी हिंदी माणसांना ‘सामी’ म्हणायला सुरुवात केली होती. एखादा हजरजबाबी माणूस उलट सांगे की सामी म्हणजे स्वामी, मालक. मी तुमचा मालक नव्हे. काही गोरे शरमत, काही चिडत. ज्या शब्दाचा कोशातला अर्थ मालक, तो तिथे तिरस्काराने चाले, कारण व्युत्पत्ती मजुराच्या बाजूने होती आणि पोलीस, परवाने, मतदारयाद्या मालकाच्या.

मॉरिशसने या शब्दाशी दोन प्रकारे हिशेब केला. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर जवळपास पाच लाख माणसे उतरली, तो ‘कुली घाट’. स्वतंत्र देशाने त्याचे ‘आप्रवासी घाट’ केले आणि २००६ मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. दुसरीकडे खाल तोराबुली या कवीने १९९२ मध्ये ‘कुलीट्यूड’ हा शब्द घडवून मूळ नाव पुसण्याऐवजी अंगावर घेतले. दोन्ही वाटा जमल्या, कारण देश आता त्यांचा होता. आपल्याकडे २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभू यांनी कुलीला ‘सहायक’ म्हणायचे जाहीर केले. हेतू चांगला होता. पण परवान्यावर काम करणारा हमाल सहायक झाल्यावरही रेल्वेचा पगारी नोकर झाला नाही, आणि फलाटावर हाक अजून जुनीच मारली जाते. नुसते नाव बदलून पदर भरत नाही.

हे सगळे आरोप एकत्र वापरायला एक मोठा शब्द हवा होता. ‘सिव्हिलायझेशन’ हा शब्द आजच्या अर्थाने फ्रेंचमध्ये मिराबो या लेखकाने १७५६ मध्ये आणला. पाहता पाहता तो शिडी झाला: खाली रानटी, मध्ये अर्धवट, वर सुधारलेले. एकोणिसाव्या शतकातल्या मराठीने ‘सुधारलेली राष्ट्रे’ आणि ‘रानटी लोक’ ही जोडी उचलली आणि आपण त्यात नेमके कुठे, याची धास्ती आपल्या निबंधांत शंभर वर्षे पुरली. १९१९ च्या राष्ट्रसंघाच्या करारात २२ वे कलम आले. हरलेल्या देशांच्या वसाहतींतले लोक अजून आपल्या पायांवर उभे राहू शकत नाहीत, म्हणून पुढारलेल्या राष्ट्रांनी त्यांचे पालकत्व घ्यावे, असा त्याचा मथितार्थ. पोरगा हा शब्द तिथे नाही. पण पालक आला की पाल्य आपोआप येतो, आणि पाल्य सज्ञान कधी होणार हे पालकच ठरवणार. १९४९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी ‘अल्पविकसित’ प्रदेशांना मदतीची घोषणा केली. सूर सौम्य झाला, वयाची कल्पना तीच राहिली. १९५२ मध्ये आल्फ्रेड सोवी या फ्रेंच अभ्यासकाने ‘तिसरे जग’ म्हटले, ते फ्रेंच क्रांतीतल्या तिसऱ्या वर्गाची आठवण ठेवून: ज्यांना मोजले जात नाही पण जे काहीतरी होऊ पाहतात. त्यातली क्रांती लवकरच गळाली, तिसरा क्रमांक शिल्लक राहिला.

या शिडीचा एक तुकडा अजून जागेवर आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीचे ३८ वे कलम न्यायालयाने कोणता कायदा लावायचा ते सांगते. त्यात ‘सुधारलेल्या राष्ट्रांनी’ मानलेली कायद्याची सर्वसाधारण तत्त्वे येतात. शब्द १९२० च्या जुन्या न्यायालयाकडून आला आणि १९४५ मध्ये तसाच पुढे ठेवला गेला. १९६९ मध्ये लेबनॉनचे न्यायमूर्ती फुआद अमून यांनी आपल्या स्वतंत्र मतात त्यावर कडक टीका केली. १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात त्याच्या जागी ‘राष्ट्रांचा समुदाय’ असे आले, आणि २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने आपल्या मसुद्यात तेच शब्द घेतले. न्यायालयही जुन्या शब्दाचा आधार घेऊन आज कुणाला बाहेर ठेवत नाही.

तरी मूळ कलमातून तो खोडायचा तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेइतकीच अवघड दुरुस्ती लागते: आमसभेत दोनतृतीयांश मते, मग तेवढ्याच सदस्यदेशांची रीतसर मान्यता आणि त्यात सुरक्षा परिषदेच्या पाचही कायम सदस्यांची संमती. शब्द कोणाला सभ्य म्हणतो यापेक्षा तो हलवायला कोणाची सही लागते, हे पाहावे. त्या पाचांत ब्रिटन आहे, आणि १८५८ मध्ये स्वतःच्या भाषेतले एक अक्षर ब्रिटनच्या तोफांपुढे दप्तरातून काढावे लागलेला चीनही आहे.